चिठ्ठ्या

कोपरखैरण्यात, आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात
डॉक्टर तीन, खुर्च्या ऐंशी, माईक एक,
तोही दर चौथ्या वाक्याला खरखरणारा.
चिठ्ठ्या गोळा करून वाचायचं काम माझ्याकडे,
कारण माझा आवाज शाळेतला,
शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

लोक विचारतात,
साखरेऐवजी गूळ चालेल का.
(डॉ. थत्ते कपाळाला हात लावत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.)
आंबेहळद लावली तर गुडघा बदलावा लागणार नाही ना.
नातू मोबाईलशिवाय जेवत नाही,
हे तिघांपैकी कोणाला विचारायचं.
रात्री एमआयडीसीकडून तो वास येतो, त्यानं दमा होतो का?
यावर सगळं सभागृह एकदम बोलायला लागतं,
कोण म्हणतं सडक्या कोबीचा, कोण म्हणतं जळक्या रबराचा.
डॉ. कारखानीस म्हणतात, नोंद ठेवा. तारीख, वेळ, कुणाला काय झालं.

नव्या संशोधनाबद्दल त्या सावकाश बोलतात,
गरम दूध बशीत ओतावं तसं.
"आढळलं आहे" आणि "सिद्ध झालं आहे" यांच्यामध्ये
आपल्या खाडीएवढं अंतर असतं, म्हणतात.
मागच्या रांगेत कुणीतरी वहीत लिहून घेतं: खाडी.

मग ती चिठ्ठी.
कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, मागे संकष्टीचा चंद्रोदय.
नाव नाही.
'वास येत नाही. २ वर्षं झाली. काही करावं का.'
दोनाच्या आकड्याला खाली लांब शेपूट.
मसाला मार्केटच्या तोलाईच्या पावत्यांवर
तीस वर्षं पाहिलेलं शेपूट.

हे तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली,
छताकडे बघत.

हाच माणूस पोत्याची शिवण न उसवता सांगायचा,
ब्याडगी की गुंटूर,
धण्यात ओल कधी शिरली,
कुठल्या शेठनं हळदीत काय केलंय.
घरी आले की यांच्याआधी मिरची आत यायची,
पोरं दारातच शिंकायची.

दोन वर्षं.
दोन वर्षं यांनी त्या रात्रीच्या वासाला शिवी घातली नाही.
मला वाटलं, निवळला माणूस.
मंडळात बायकांना सांगितलंसुद्धा, वय झालं की होतात शांत.
एकदा दूध करपून काळं झालं, हे ओट्याशेजारी पेपर वाचत.
केवढं बोलले मी.

चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी घातली.
वर काढली. परत तळाशी.
रक्तदाबाची एक चिठ्ठी चुकून दोनदा वाचली,
थत्त्यांनी तेच उत्तर तितक्याच हसतमुखानं दिलं.

शेवटी वाचली.
शेवटच्या बाकापर्यंत काही गेली नसावी.
डॉ. मुकरी पुढे झुकले.
"कारणं पुष्कळ. जुनी सर्दी, नाकातलं वाढलेलं मांस, धूळ, वय.
काही अभ्यासांत मेंदूच्या आजारांच्या बऱ्याच आधी असं दिसलंय.
पण दिसलंय म्हणजे तुम्हाला तेच आहे, असं अजिबात नाही.
ज्यांनी विचारलंय, त्यांनी येऊन भेटा."

ज्यांनी विचारलं होतं त्यांनी
शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

मग सूत्रसंचालकानं विचारू नये ते मी विचारलं:
"घरच्यांना कसं कळत नाही, डॉक्टर?"
सभागृह हसलं. विनोद वाटला त्यांना.
मुकरी हसले नाहीत.
"माणसं निभावून नेतात, बाई.
समोरच्यानं नाक मुरडलं की आपणही मुरडायचं."

रात्री अकरा. खिडकी उघडी.
हवा कशी स्वच्छ,
फक्त खाली कुणाकडे तरी उशिराचं वरण फोडणीला पडलेलं.
मी म्हटलं, "आला बघा आज परत तो वास,"
आणि नाक मुरडलं, उजेडात नीट दिसेल असं.

"हो ना, भलताच," हे म्हणाले,
आणि उठून खिडकी लावली.

लसणाची होती फोडणी. थोडी लागलेली.
मंगळवारी साडेदहाला मुकरींकडे जायचंय.
नंबर मी माझ्या नावानं लावलाय.